उत्तरेच्या भिंतीवरचं घड्याळ

निवृत्त झाल्यावर आम्हा दोघांना जुनी चर्चं बघायचा नाद लागला. इंग्लंडात आम्ही राहतो त्या वॉटफर्डहून गाडी काढायची आणि एखादं खेडं गाठायचं. मी थेट आत शिरायचो. कमानी गोल की टोकदार, त्यावरून बांधकामाचं वय ठरवायचो. बायको मात्र आधी बाहेरून प्रदक्षिणा घालायची. "देव कुणाचाही असो, आल्या आल्या आत घुसू नये," असं तिचं म्हणणं.

एकदा ती अशीच चक्कर मारून आली आणि म्हणाली, "अहो, मागच्या भिंतीवर उन्हाचं घड्याळ कोरलंय. तिथे तर ऊनच येत नाही."

अशी घड्याळं आम्ही इतरत्र पाहिली होती. दगडात एक भोक, त्यातून फुटलेल्या रेघा. भोकात काडी खोचली की सावलीवरून प्रार्थनेची वेळ कळायची. पण ती असतात दक्षिणेच्या भिंतीवर. हे उत्तरेला, तेही उलटं. म्हणजे जुनी भिंत पाडून तेच दगड इकडे लावले होते.

तेवढ्यात तिथले व्हिकार, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. बायको पोर्चमध्ये थर्मासमधला चहा ओतत होती. मी त्यांना दगड दाखवला आणि "मला सापडला" म्हणालो.

झालं, तो माझा शोध ठरला. दर उन्हाळ्यात चर्चच्या ओपन डेला मला बोलावणं येऊ लागलं. मी दगडापाशी उभा राहून बोलायचो, लोक टाळ्या वाजवायचे. ती मागे उभी राहून ऐकायची. कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि मला तेच खुपायचं.

यंदा व्हिकार माझी ओळख करून देऊ लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "हे हिने शोधलंय. मी आत बाकं बघत होतो."

लोक हसले. एका बाईंनी तिला विचारलं, "पण तुम्ही मागे कशाला गेला होतात? तिकडे कुणीच जात नाही."

बायकोने प्रदक्षिणा म्हणजे काय ते सांगितलं आणि सगळ्यांना घेऊन निघालीच. एक गृहस्थ उलट्या दिशेने निघाले होते, त्यांना खांद्याला धरून वळवलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "बरं वाटलं?"

"खूप."

"मग आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तुम्ही छतावरच्या त्या लाकडी देवदूताबद्दल लिहिलंत, दात दुखत असल्यासारखा चेहरा असलेल्या. तो कुणी दाखवला होता?"

ते मी खरंच विसरलो होतो. तर वाचकहो, तो देवदूतही तिचाच.