तिसऱ्या हाकेचा गड

आज मी केडगावच्या शाळेत इतिहास शिकवतो, ते पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जगन्नाथ गुरुजींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वस्तीवरून शाळा लांब. सकाळी शेरडांचं आवरून निघायला मला रोज उशीर व्हायचा. हजेरीत माझं नाव आलं आणि उत्तर नाही मिळालं, की गुरुजी खिडकीतून माळाकडे बघत आणि पुन्हा नाव पुकारत. बहुतेक वेळा तेवढ्यात मी धापा टाकत दारात पोचायचो.

याच गुरुजींनी निजामशाहीच्या धड्याला आम्हाला एक प्रश्न घातला होता. नगरच्या किल्ल्यात बसलेल्या सुलतानाचा हुकूम तिकडे सह्याद्रीच्या कड्यावरचा पहारेकरी का पाळायचा? त्याला बघायला तिथं कोण होतं? पुस्तकात फौज, महसूल, जहागिरी अशी उत्तरं होती. गुरुजी मान हलवायचे. 'एकदा वर जाऊन बघू,' म्हणायचे. ते राहूनच गेलं. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत. म्हणून यंदा गणपतीच्या सुट्टीत मी एकटाच निघालो.

नगरहून संगमनेर, अकोले करत एसटी राजूरला पोचली तेव्हा बाजार भरला होता. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं मीठ, तेल, प्लास्टिकचे कागद घेऊन जीपची वाट बघत होती. आमच्याकडे माळरान आणि लांबवर मोकळं आभाळ. इथे चारी बाजूंनी डोंगर असे उभे, की मान वर करूनही त्यांचे माथे दिसेनात. ढग त्यांना अर्ध्यावरच खात होते.

शाळेतल्या एका सहकाऱ्याची मावशी, थमाबाई, गडाखालच्या मेटावर (गडाच्या वाटेवरची जुनी चौकी) राहते. पन्नाशीची, काटक, आणि बोलायला तिखट. मी नाव दत्तू सांगितलं, तरी ती मला 'मास्तर'च म्हणायची. रात्री तिने नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण वाढलं. मी गडाला काय बघायला आलोय ते ऐकून ती हसली. आत्तापर्यंत पोरं फोटो काढायला यायची, प्रश्न घेऊन आलेला मी पहिलाच, असं म्हणाली. गावात गडाचं नाव कोणी घेत नाही. नुसता 'गड'.

सकाळी निघालो. पाऊस नव्हता, पण कारवीच्या पानांवरून पाणी गळत होतं. कातळात खोदलेल्या पायऱ्या मुद्दाम उंच ठेवलेल्या. गुडघा छातीशी येतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. मधल्या काही पायऱ्या कधीतरी सुरुंगाने उडवलेल्या आहेत. तिथे नुसत्या खोबणीत बोटं घालून चढायचं. थमाबाई पुढे, मी मागे, जवळजवळ चार पायांवर.

"मास्तर, खाली बघू नगा," ती न वळता म्हणाली. "खाली काय बी न्हाई."

दरवाज्याच्या आत डोक्याएवढ्या गोल दगडांची रास अजून पडून आहे. थमाबाईने सासऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं. खालून कोणी चढताना दिसलं की पहारेकरी तीन हाका द्यायचा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही, की दगड लोटायचा. मग तो गावचा असो की गनिमाचा. मी ते टिपून घेतलं. वर्गात सांगायला चांगलं, एवढंच मनात आलं.

मग तिने दरवाज्याच्या बुरुजावरून खाली बोट दाखवलं. धुक्याच्या फटीतून एक पत्र्याचं छप्पर दिसलं. तिचंच घर. ती जमीन घेऱ्यातली (पहाऱ्याच्या चाकरीबद्दल गडाखाली तोडून दिलेली). वरचा माणूस पहाऱ्यात चुकला, तर खाली जमीन जायची, बायकापोरं उघड्यावर यायची.

"हितं हुबं ऱ्हायलं की आपल्याच चुलीचा धूर दिसतोय," ती म्हणाली. "झोप कशी लागंल?"

मी त्या छपराकडे बघत राहिलो. पहारेकऱ्यावर दुसऱ्या पहाऱ्याची गरजच नव्हती.

उतरायला लागलो आणि धुकं दाटलं. उडवलेल्या पायऱ्यांच्या थोडं वर थमाबाईच्या लक्षात आलं की वाटेतली झाडी तोडायला आणलेला कोयता दरवाज्यातच राहिला. तिने मला भिंतीशी टेकवून बसवलं. "हितनं हलायचं न्हाई," एवढं बजावून ती वर गेली. दोन पावलांवर ती दिसेनाशी झाली.

मी बसलो. धुकं इतकं जवळ आलं की स्वतःच्या चपला दिसेनात. मोबाईलला रेंज नव्हती. दरीतून वारा वर येत होता आणि त्यात कोणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज होता. खूप वेळ गेला, की मला तसं वाटलं? मी हाक मारली, "मावशी!" उत्तर नाही. शाळा शिकल्यापासून ओरडून हाक मारायची लाज वाटते. पुन्हा मारली नाही. ती पडली असेल, किंवा मला सोडून दुसऱ्या वाटेने उतरली असेल, असं काहीबाही डोक्यात आलं. आणि मी उठून उतरू लागलो.

तिसऱ्या पावलाला पायाखाली पायरी नव्हती. मी बसकन मारली, हाताला कारवीचं खोड लागलं ते धरलं. उजवा पाय हवेत लोंबत होता. तेवढ्यात वरून खडखड ऐकू आली आणि एक दगड माझ्या खांद्याजवळून गेला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

मग वरून हाक आली. "मास्तर!"

मला ओ देता येईना. सकाळी टिपून घेतलेलं सगळं आठवलं. वर एक माणूस, खाली मी, आणि मी गप्प.

"मास्तर!" दुसरी हाक.

मी तोंड उघडलं. नुसती हवा निघाली.

"दत्तूऽऽ!"

"ओ!" मी ओरडलो. तो आवाज माझा वाटला नाही. "ओ, मावशी, ओ!"

तिने येऊन दंडाला धरून मला वर ओढलं, आधी शिव्या दिल्या, मग कमरेचा फडका तोंड पुसायला दिला. मी विचारलं, माझ्या हाकेला उत्तर का दिलं नाही?

"रानात पयल्या हाकेला ओ देत्यात व्हय? रान बी हाक मारतं. मानूस असंल तर तीनदा मारंल. तुमी एकदा वरडला अन् गप."

"मी घाबरलो होतो."

"अन् मी न्हाई?" ती म्हणाली.

दगडाचं विचारलं तर म्हणाली, वानरांनी पाडला असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

राजूरला पेढे घेतले आणि संध्याकाळची एसटी पकडली. घाटात गाडी वळली की मी पुढची दांडी घट्ट धरायचो. शेजारच्या बाईने विचारलं, गाडी लागते का. मी हो म्हटलं. घरी मात्र कोणाला काही सांगितलं नाही. गुरुजींना हल्ली फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

ती. गुरुजींस सा. न.

पेढे पाठवतो आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटतं. पहारेकऱ्याला वरून त्याचं स्वतःचं घर दिसत होतं. त्याच्यावर नजर ठेवायला सुलतानाने दुसरं काही करायची गरज नव्हती. भीती त्याच्या डोळ्यांसमोरच बांधून ठेवलेली होती. खालून येणाऱ्यालाही भीतीच, वरच्यालाही भीतीच. राज्य त्या दोघांच्या मधे उभं होतं. मी ते लांबून बघायला गेलो होतो, पण थोडा वेळ त्यात सापडलो. झोपेत अजून तो दगड जवळून जातो आणि मी उठून बसतो.

एक गोष्ट त्या कड्यावर बसून आठवली. पाचवीत एकदा ओढ्याला पाणी आलं होतं आणि मला फार उशीर झाला. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतो, आत यायला घाबरत होतो. तुम्ही माझं नाव तीनदा घेतलेलं मी बाहेरून ऐकलं. मला वाटलं, आता संपलं. गडावर तिसऱ्या हाकेनंतर दगड सुटायचा. तुम्ही चौथ्यांदा हाक मारलीत.

तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. हजर, गुरुजी.

तुमचा विद्यार्थी,
दत्तात्रय