जवसाचं तेल अन बाबूची घंटी

त्या खांडेनवमीले आमच्या लाकडाच्या डेपोत चौघं होतो: साहेब, चौकीदार देवाजी, मशीनबाबू, अन झाडझूड करनारी मी.

मशीनबाबूचं खरं नाव कोनी घेतच नसे. त्याच्या टेबलावर हिशोबाची लोखंडी मशीन होती, बाजूनं हँडल. सागाच्या लठ्ठ्याची लांबी-गोलाई तिच्यात भरे अन हँडल फिरवे, खर्र खर्र. भागाकारात फेरा जास्त झाला का आतली घंटी वाजे. मंग बाबू एक फेरा उलटा घे, अन उत्तर बरोबर ये.

बोलाचालीतही तसंच. देवाजी मले म्हने, "वहिनी, तुमी तं झाडूहून म्हाताऱ्या दिसता." मी त्याच्या मायवर गेली का बाबू टेबलावरूनच म्हने, "बाई, घंटी वाजली. एक फेरा मांगं."

माह्या नवऱ्याच्या अंगावर लठ्ठा पडून तो गेला तवा लेकरू अंगावर पीत होतं. साहेब म्हने, डेपोत बाईमानूस कायले? बाबू साहेबाच्या दारातून हललाच नाई. मले झाडू भेटला तवाच उठला. त्या झाडूवर माहं घर चाललं.

जेवनाच्या सुट्टीत तो मशीनीचं खानदान सांगे. "पयले लोकं हिशोबाले तारेवरचे मनी सरकवत, बाई. मंग दात्याची चाकं आली, ही आपली. आता विजेवरचा कम्प्यूटर येइन. त्याच्या पोटातही हेच, मिळवनं अन काढनं. फक्त फिरवाले मानूस लागनार नाई."

देवाजी म्हने, "मंग तुमी काय कराल बाबू, तेंदूपत्ता तोडाल?"

बाबू हासे, पन हँडलवरचा हात काढत नसे.

खांडेनवमीले देवाजीनं करवती-कुऱ्हाडीले हळद-कुंकू लावलं. बाबू बौद्ध, त्याले पूजा नोको. "नुसती पुसून दे, बाई," म्हने. ज्यानं मले जगवलं त्याची मशीन कोरडी कशी ठेवू? घरचं जवसाचं तेल आनून सगळ्यांदेखत फटीफटीत सोडलं. बाबूनं हँडल फिरवून पाह्यलं. "लोन्यावानी चालते," म्हने.

जवसाचं तेल वाळलं का लाखेवानी घट्ट होते. बाबूले ते ठाऊक नसन. माह्या घरच्या तेलाच्या शिशीचं बूच तं रोज अडके. मले समजाले पायजे होतं.

दिवाळीच्या आधी हँडल अडकलं ते अडकलंच. साहेबानं कम्प्यूटर मांगवला, बाबूची दूरच्या नाक्यावर बदली झाली. भंगारात चाललेली मशीन मी मांगून घेतली. बाबू म्हने, "कम्प्यूटर येनारच होता, बाई. तुहा काय कसूर?"

येनार होता. पन घंटी माह्या हातानं बंद झाली.

आता बाबू भद्रावतीले लेकीकडं राह्यते. डोळे गेले. मागं भेटाले गेली तवा हात धरून म्हने, "वाजते का वो कधी?"

"नाई, बाबू."

"बरं," म्हने. हात नाई सोडला.

मशीन माह्याजवळच आहे. राकेल लावून पाह्यलं, गरम पानी लावून पाह्यलं. बाबूले अजून ऐकू येते. वाळलेलं जवसाचं तेल लोखंडातून कशानं निघते, तुमाले माहीत असन तं मले सांगा.