केबलचा दोष

गाड्यांत मोठाले स्पीकर बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे वायरमामा म्हणत. बॅटरीपासून डिकीतल्या अॅम्प्लिफायरपर्यंत कोणती केबल टाकायची, यात त्याचा शब्द शेवटचा. अॅम्प्लिफायर किती करंट ओढणार ते बघायचा, अंतर मोजायचा, मगच रिळाला हात लावायचा. कुणी बारीक केबलसाठी हटून बसलं, की म्हणायचा, "अहो, स्ट्रॉने टाकी भरते का? केबल तापेल आणि ऐन ठोक्याला आवाज मान टाकेल."

एकदा एका जिमवाल्या बाईंची गाडी आली. काम झालं, गाणं लावलं, तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा.

"केबल कमी पडतेय," तो मेहुण्याला म्हणाला. मेहुणा दुकानातला भागीदार, तोंडाचा फटकळ. त्याने मीटर लावला. व्होल्टेज जागचं हललं नव्हतं, म्हणजे केबल पुरेशी होती.

तरी मामाचं समाधान होईना. सीटा काढल्या, गालिचा उचलला, आणखी जाड केबल ओढली, बॉडीला जोडलेली अर्थिंगची तारही बदलली. घामाघूम होऊन पुन्हा गाणं लावलं. तेच. तो आवाज वाढवत गेला. बाई कानांवर हात ठेवून रस्त्यावर पळाल्या. मेहुण्याने आत हात घालून गाणं बंद केलं.

"दाजी, काय चाललंय?"

"वरचे सूर कुठे गेले? तुला येतायत ऐकू?"

मेहुण्याच्या ओठावर चेष्टा आली होती, ती त्याने गिळली. "सगळं येतंय, दाजी. पहिल्या केबललाही येत होतं."

मामा कितीतरी वेळ हातातला पाना पुसत राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. इतकी वर्षं बंद गाडीत बसून आवाज पारखले, त्यात कानांचं गेलेलं आता परत येणार नव्हतं. घरी आल्यावर बायको पाठमोरी भांडी लावता लावता म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ओ देत नाही. उगाच अबोला धरला मी."

"काय म्हणालीस?"

तिने मान हलवली. उरलेली भांडी फळीवर लावली.

दुकान चालू आहे. केबल अजून तोच निवडतो, टोकं तोच दाबून बसवतो. मग मेहुणा गाडीत बसून दार ओढून घेतो. काचेआडून त्याचं डोकं तालावर हलताना दिसतं. मामा मागे जातो आणि उरलेल्या तुकड्यांची भेंडोळी करत बसतो.