दुर्बीण, रोबो आणि माझा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाइतका संशयी माणूस हुमनाबाद ते हैदराबाद या रस्त्यावर दुसरा नसेल. धाब्यावर तो आधी आत जाऊन डाळीचं पातेलं बघून येई, मगच खाट धरी. कंडक्टरनं सांगितलेली वेळ ड्रायव्हरला विचारी, आणि ड्रायव्हरनं तीच सांगितली की म्हणे, "दोघं मिळून हाईत." घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्यांचं, कलेजी घ्यायची तर बकरं समोर कापलेलं हवं आणि कलेजी हातात उलटीपालटी करून बघायला हवी. साऱ्या जगात एकट्या माझ्या शब्दाची त्यानं कधी खातरजमा केली नाही. "दाजी बोलले म्हंजे झालं."

त्याच्या स्वतःच्याच यकृतात गाठ निघाली तेव्हा हैदराबादच्या सर्जनची उलटतपासणी सुरू झाली. पोट फाडायचं नाही, ही मेहुण्याची अट. नाहीतर परत गावी. सर्जननं दोन रीती सांगितल्या, दोन्हींत चार-पाच भोकंच. दुर्बिणीच्या रीतीत लांब दांड्यांची अवजारं डॉक्टर स्वतः धरतो. रोबोच्या रीतीत तो बाजूला यंत्रापाशी बसतो आणि यंत्राचे हात आत मनगटासारखे वळतात. मेहुणा माझ्या कानाशी लागला. "लांब बसून कामून? पळून जायला सोपं म्हणून?" मग दुर्बिणीवर घसरला. "कलेजीचा तुकडा भोकातनं कसा काढतेत?" पिशवीत घालून, बेंबीखालच्या लहानशा कापातून, असं सर्जननं सांगितलं. "पिशवीतली माझीच हाय, कशावरनं?"

अखेर दुर्बीण ठरली. सर्जन मला इंग्रजीत म्हणाला, गाठ मोठ्या शिरेजवळ आहे, रक्त थांबलं नाही तर पोट उघडावं लागेल, हे यांना नीट समजावून सांगा.

"काय म्हणाले, दाजी?"

"काळजी करू नका म्हणाले."

त्यानं कागद कुणालाही न दाखवता सही केली.

रक्त थांबलं नाही. पोट उघडलं म्हणून तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पट्टीवर वीत टाकून मोजलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मीही गप्प राहिलो, दोन वर्षं. बायकोलासुद्धा बोललो नाही.

मग एकदा तो आमच्याकडे मुक्कामाला आला असताना सगळं सांगून टाकलं.

"सांगितला असताव तर परत गेलो असतो. मेलो बी असतो. पण माझं मी मेलो असतो." चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आनखी काय लपवलाव?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

त्यानं मान हलवली, चहा संपवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला हळूच विचारलं, "दाजी खरं बोलायलेत का गं?"

मी बाहेर बसून तिच्या उत्तराची वाट बघत होतो.