कोंबडीनं पाहिलेलं मांजर

एकाहत्तर साली मुलांसाठी काढलेल्या माझ्या चित्रांच्या पुस्तकाला बक्षीस मिळालं आणि मी नगरहून एसटीनं कोल्हारला परतत होतो. कुणीतरी विचारावं म्हणून पुस्तक मुद्दाम मांडीवर उघडं धरलं होतं. शेजारी लुगडं नेसलेली एक बाई, तिच्या काखेत कोंबडी. भाकरीचा एक घास ती स्वतः खायची, एक तुकडा कोंबडीला भरवायची.

मी मांजराचं पान उलटलं, तशी कोंबडी फडफडली. बाईनं झटकन तिच्या डोळ्यांवर पदर टाकला.

"मिटा की ते! मुक्या जीवाला भ्या कशाला दाखवताय?"

"अहो, चित्र आहे ते. बक्षीस मिळालंय त्याला."

"मिळंल न्हाई तर काय! डोळं बगा मेल्याचं, माज्या कोंबडीवरच हायेत."

परीक्षकांनी रेषांबद्दल, रंगांबद्दल बरंच छान लिहिलं होतं. पण इतकं मनापासून घाबरलं कुणीच नव्हतं. मी खुशीत पुस्तक मिटलं.

राहुरीला उतरताना तिनं पदर नीट केला, कोंबडी सावरली आणि म्हणाली, "भाऊ, घरी उंदरं आसतील तर तेवडं उघडं ठिवा."

घरी उंदीर होतेच. मी पुस्तक ज्वारीच्या कणगीजवळ, मांजराचं पान वर करून ठेवलं. सकाळी पाहतो तर मांजराच्या मिशा, एक कान आणि निम्मं शेपूट उंदरांनी खाल्लेलं!

चित्रातलं कोंबडीला जेवढं कळतं, तेवढं उंदरांना कळत नाही.