शेळीची विचारपूस

आमचे हे वसमतच्या तहसील कचेरीत कारकून होते. लोकांशी बोलणं म्हणजे सरकारी कागद वाया घालवणं, असा त्यांचा समज असावा. गल्लीत कुणी रामराम केला तर हे नुसती हनुवटी हलवत, तीही मनात आलं तर.

पन्नाशी उलटली आणि हा माणूस एकाएकी पालटला. कचेरीला जाताना तेलिणीच्या दारात थांबून तिच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला. पुढे शिंप्याच्या ओट्यापाशी त्याच्या पोरीच्या सोयरिकीची. त्याच्याही पुढे कासारणीच्या दारात. अख्खी गल्ली खूश होती.

तेलीण मला म्हणाली, "बाई, तुमचे मालक लई मायाळू होऊन राहिले. नवस बोलला व्हता का?"

मी हसून घेतलं, पण आतून जळत होते. तेलीण ठीक, शिंपी ठीक. कासारीण मात्र विधवा होती, देखणी होती, आणि रोज न चुकता तिच्याच दाराशी थांबायचं काय कारण? एके दिवशी पदर खोचून मी यांच्या मागोमाग निघाले.

कासारणीच्या दाराला कुलूप होतं. ती बांगड्या घेऊन आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेलेली. आणि हे तिच्या दारात बांधलेल्या शेळीला विचारत होते, "काय, चारापाणी बराबर मिळतं ना?" वाकून एक हात मागे नेऊन पोटरी दाबत होते. चेहरा पांढरा पडला होता.

"इथं काहून थांबलात?" मी विचारलं.

हे दचकले. मग हळूच म्हणाले, "ओरडू नको. थोडं चाललं की पोटरी आवळून येते. जरा उभं राहिलं की जाते. कचेरीत कळलं तर घरी बसवतील मला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. कासारणीची मी मनातल्या मनात माफी मागितली आणि यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घोट्यापाशी बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. ती लागेना. मग त्यांनी यांच्या शेरवानीची बाही चिमटीत धरली. "हिचं अस्तर आतून जाड होत गेलं, तर बाही बाहेरून एवढीच दिसेल, पण हात आत शिरायचा नाही. तुमच्या पायाच्या रक्तवाहिनीचं तेच झालंय. आतल्या अस्तरात चरबी साचून वाट अरुंद झालीय. बसल्या जागी रक्त पुरतं, चालताना पुरत नाही." औषध असं काही नव्हतं. बिडी सोडा, चाला, दुखलं की थांबा, पुन्हा चाला.

"थांबायचं यांना शिकवायला नको," मी म्हटलं. डॉक्टर हसले, हे हसले नाहीत. बिड्यांचा कट्टा मी त्याच दिवशी चुलीत घातला.

पण अस्तर जाड व्हायचं ते होतच गेलं. थांबे जवळ जवळ येऊ लागले, आणि शेवटी कचेरीनं यांना घरी बसवलंच. पुढे पुढे तर बाजेवरून उठून न्हाणीपर्यंत जातानाही मध्ये स्वयंपाकघराच्या दारात थांबावं लागे. तिथे चौकट धरून हे विचारत, "काय करून राहिलीस?"

हा प्रश्न पोटरीचा आहे, माझा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी डाळ कोणती घातली, मीठ किती, फोडणी कशाची, सगळं सांगत बसे, यांच्या चेहऱ्यावर रंग येईपर्यंत. त्यापायी कितीदा तरी भाजी करपली.