धुरींचा सेकंड

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीचं दुसरं कडवं सुरू झालं की हमखास एक आवाज खाली उतरायचा. सगळी मंडळी एका सुरात चाललेली असायची आणि तिसऱ्या मजल्यावरचे धुरी त्यांच्याखालून आपलंच काहीतरी गात असायचे. शब्द तेच, ताल तोच, सूर मात्र भलताच. झांजा वाजवणारे सेक्रेटरी सावंत हात न थांबवता मागे वळायचे आणि म्हणायचे, "धुरी, सूर." धुरी समजल्यासारखी मान हलवायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा तिथेच जाऊन बसायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहायचे, कारण मलाही गाता येत नाही आणि धुरी शेजारी असले की सावंतांचं लक्ष माझ्याकडे जात नसे.

विनायक धुरी भांडुपला वाढले. घर मूळचं मालवणकडचं, वडील गिरणीत होते. धुरी स्वतः एका रंगाच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या मुलुंडच्या इमारतीत त्यांची ओळख एवढीच होती. फक्त त्यांचे केस या ओळखीत बसत नसत. विरळ झालेले, पांढरे, तरी मानेपर्यंत वाढवलेले केस ते मागे बांधायचे, आणि बांधायला बहुतेक वेळा मेथीच्या जुडीचं रबर असायचं. शालिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "केस कापा म्हटलं तर ऐकत नाहीत, निदान रबर तरी चांगलं घ्या." असे हे गृहस्थ धुऊन धुऊन राखाडी झालेला काळा टीशर्ट घालून मासे आणायला निघाले की शेजारच्या इमारतीतली माणसंही बघत राहायची.

आम्ही बरोबर त्यांच्या खाली राहतो. रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालत असताना, वरून गिटार सुरू व्हायची. मग गाणं. आणि काय ते गाणं. दोन ओळी म्हणायचे, मग नुसतीच गिटार. बराच वेळ गिटारच. मला वाटायचं, शब्द विसरले. मग मध्येच कुठून तरी एक ओळ उचलायचे, ती संपवायचे आणि पुन्हा गप्प. जे म्हणायचे त्यालाही चढउतार असा नव्हता. एकाच पायरीवर उभं राहून कुणी बोलावं तसं ते वाटे. मी शाळेत भूगोल शिकवला, संगीतातलं मला काही कळत नाही. पण भोकं पडलेलं गाणं मलाही ओळखता येत होतं. रविवारमागून रविवार ऐकून ती गाणी त्यांच्या भोकांसकट मला पाठ झाली. भाकरी थापताना मी ती गुणगुणत असे आणि आमचे हे म्हणत, "त्या धुऱ्याचा रोग तुलाही लागला."

एकदा वहिनींना डबा परत द्यायला वर गेले होते. धुरी गिटार मांडीवर घेऊन बसले होते, अर्थात मध्येच थांबलेले. शिक्षिकेची सवय जात नाही. मी विचारून टाकलं की तुम्ही गाणं अर्ध्यावर का सोडता.

"सोडत नाही, बाई," ते म्हणाले. "ती रॉनीची जागा आहे."

मग त्यांनी कपाटातून एक फोटो काढून दाखवला. भांडुपच्या एका बंद कारखान्याची शेड, चार पोरं, चौघांचेही केस खांद्याखाली. यांच्या रॉक बँडचं नाव होतं 'थर्ड शिफ्ट'. रविवारी सकाळी त्या शेडमध्ये ते वाजवायचे. रॉनी मढचा. तरीतून खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरून, अंधेरीवरून धडपडत भांडुपला यायचा. चाल म्हणायचा तो. धुरी वाजवायचे आणि 'सेकंड मारायचे'. हा शब्द त्यांचा. म्हणजे मुख्य चाल एकाने म्हणायची आणि दुसऱ्याने त्याच शब्दांची दुसरी ओळ तिच्याखालून न्यायची. रॉनीची आई चर्चमध्ये गायची, तिने हे दोघांना शिकवलं होतं. गाणी मराठी, त्यांनीच रचलेली. इंग्रजीवाले मराठी ऐकून हसायचे आणि मराठीवाले गिटार बघून. तरी काही वर्षं कॉलेजांतून त्यांची नावं घेतली जायची म्हणे. मग रॉनीला कावीळ झाली आणि त्यात तो गेला. बँड त्या दिवसापासून बंद. धुरींनी विजेवरची मोठी गिटार विकून टाकली, साधी लाकडी ठेवली आणि रविवारची वेळ ठेवली.

म्हणजे इतकी वर्षं मी जी गाणी ऐकत होते ती गाणी नव्हतीच. त्यांचा फक्त खालचा भाग होता. आरतीतही धुरी चुकत नव्हते, सेकंड मारत होते. हे मी सावंतांना सांगून पाहिलं. ते म्हणाले की आरतीत सगळ्यांनी एकच म्हणायचं असतं, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

रॉनीची बहीण सिल्विया मढहून अधूनमधून यायची. येताना सुके बोंबील आणायची आणि जाताना धुरींशी भांडून जायची. भांडण एकच. गाण्यांचं धड रेकॉर्डिंग झालेलं नव्हतं, एक कॅसेट होती तीही बुरशी येऊन गेली. आता गाणी उरली होती ती धुरींजवळ. तिचं म्हणणं, एकदा लोकांसमोर बसून सगळी गा. धुरी नाही म्हणायचे. मग त्यांना दम लागायला लागला. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. त्यानंतर सिल्विया आली तेव्हा मी तिथेच होते. या वेळी ती भांडली नाही. गॅलरीत बराच वेळ उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "विनू, माझ्या भावाचं गाणं मला एकदा ऐकू दे. मग तू पण गेलास तर मी कोणाकडे जाऊ?"

वहिनींनी चहाचे कप उचलले आणि जाता जाता म्हणाल्या, "हो म्हणा आता. घरात गाऊन तरी कुठे आराम पडतोय."

कार्यक्रम ठरला तो स्टेशनजवळच्या एका संगीत क्लासच्या खोलीत. सतरंज्या घातलेल्या, भिंतीला तबले लावून ठेवलेले. माइक नको, ही धुरींची एकच अट. "आवाज मोठा केला की चूक लपते," ते म्हणायचे. त्यांना ऐकायला जुनी माणसं कुठून कुठून आली होती, गोरेगावहून, घाटकोपरहून. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, बरीचशी काळे टीशर्ट घालून आलेली. गुडघ्यांमुळे काहींना खुर्च्या द्याव्या लागल्या. सिल्विया पुढे खाली बसली होती. आम्ही दोघं तिच्या मागे. धुरी आले, केस नीट बांधलेले, या वेळी चांगल्या काळ्या रबराने. त्यांनी नमस्कार केला आणि सुरुवात केली.

पहिलं गाणं मी लगेच ओळखलं. बाकीच्यांनी ओळखलं नाही. एकमेकांकडे बघायला लागले. धुरी रविवारी म्हणायचे तसंच म्हणत होते, फक्त आपली ओळ. रॉनीच्या जागा आल्या की गप्प राहून नुसते वाजवत होते. दुसरं गाणंही तसंच. खोलीत चुळबुळ सुरू झाली. इतक्या वर्षांनी माणसं आली होती आणि त्यांना अर्धं गाणं वाढलं जात होतं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "विनू, चाल म्हण ना यार. आता तूच आहेस." धुरींनी नुसती मान हलवली. नकाराची. सिल्वियाने मान खाली घातली होती. मला त्या क्षणी धुरींचा रागच आला. एका बाईने एवढं मागितलं होतं, आणि हे हट्टाला पेटले होते.

तिसरं गाणं होतं 'पाइपलाइन'. भांडुपवरून शहराकडे पाण्याचे मोठे नळ जातात, त्यांच्यावर रचलेलं.

*पाणी आमच्या दारावरून जातं,
आमच्या घरी थांबत नाही.*

याचं मधलं कडवं पूर्ण रॉनीचं. धुरी थांबले आणि गिटार चालू राहिली. रविवारी ही जागा येई तेव्हा मी पुढचा कपडा पिळायला घेत असे. इथे ती रिकामी जाणार असं वाटत असतानाच सिल्विया गायला लागली. म्हातारा, फाटलेला आवाज, पण चाल पक्की. तिने मान वर केलीच नाही, सतरंजीकडे बघत गात होती. मग मागचा एक, मग कोपऱ्यातला. ध्रुवपद आलं तेव्हा सगळी खोली गात होती. आणि त्या सगळ्यांच्या खालून धुरींचा सेकंड आला.

मी काय सांगू. वरच्या मजल्यावरून माझ्या कपड्यांवर सांडत आलेली ती सपाट ओळ कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. तिच्यामुळे वरची चाल उभी राहत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि आमच्या यांनी मला कोपराने ढोसलं तेव्हा लक्षात आलं की मीसुद्धा गातेय. चाल मला येतच नव्हती. मी धुरींचं गात होते, मला तेवढंच येत होतं.

शेवटच्या कडव्यात धुरींना श्वास पुरला नाही. ते थांबले. मीही घाबरून थांबले, एवढ्या लोकांत एकटीने गायची माझी काय टाप. बाकी सगळे चाल गात राहिले. एकही सूर चुकत नव्हता, तरी गाणं एकाएकी उघडं पडलं. धुरींनी डोळे मिटून दम गोळा केला आणि शेवटच्या ओळीला परत आले. गाणं संपल्यावर टाळ्या उशिराने पडल्या. सिल्विया उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्या संध्याकाळी वहिनी आणि आमचे हे गिटार घेऊन पुढे गेले, आणि मी धुरींबरोबर हळूहळू जिना चढत होते. प्रत्येक वळणावर ते कठड्याला टेकायचे. मी विचारलं, एवढी विनवणी केली लोकांनी, चाल का नाही म्हटलीत.

"मी म्हटली असती तर लोकांना माझी लक्षात राहिली असती," ते म्हणाले. दम लागला की त्यांच्या तोंडात मालवणी यायची. "रॉनी गेलो, बाई. पण जागा तेचीच असा. मी बसलो असतो तर तो खरंच गेला असता. आज बघितलंत ना, सगळ्यांना येते त्याची चाल."

"आणि तुमचा सेकंड?"

"सेकंड कोण लक्षात ठेवतं?" ते हसले, त्यात त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुम्ही म्हणत होतात. मी ऐकलं."

मी म्हटलं, मला कुठला सूर, मी आपली चुकत होते.

"चुकत होतात," धुरी म्हणाले. "पण माझ्या बाजूने चुकत होतात."

त्यानंतर रविवारची गिटार हळूहळू कमी झाली. नाकाला नळी लागली तेव्हा गाणं बंद झालं, नुसत्या तारा वाजायच्या. एका रविवारी त्याही वाजल्या नाहीत. मी दोरीवर कपडे तसेच टाकून वर गेले. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झोपलेत." ते झोपले होते खरे, पण चार-पाच दिवसांत गेले. उन्हाळा होता.

शोकसभा त्याच क्लासच्या खोलीत झाली. तीच माणसं आली. भाषणं झाली आणि शेवटी सिल्वियाने 'पाइपलाइन' सुरू केलं. सगळ्यांनी चाल धरली. रॉनी होता तिथेच होता, कुठेही गेला नव्हता. खाली मात्र कुणी नव्हतं. सिल्विया गाता गाता आजूबाजूला बघत होती, आणि मला ठाऊक होतं ती काय शोधते आहे. मला ते येत होतं. त्या खोलीत फक्त मलाच येत होतं. मी तोंड उघडलं आणि हुंदका आला, सूर आला नाही. गाणं तसंच संपलं.

यंदा गणपतीत वहिनी खाली आल्या नाहीत. मी नेहमीच्या जागी उभी राहिले, शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. पहिलं कडवं झालं. सगळे एका सुरात, अगदी व्यवस्थित. इतकी वर्षं सावंतांना हवी होती तशी आरती चालली होती. दुसरं कडवं सुरू झालं. मी सूर खाली उतरवला आणि धुरींची ओळ धरली. आवाज कापत होता, किती ठिकाणी चुकले देव जाणे.

सावंत झांजा वाजवत सवयीने मागे वळले. "धुरी, सू..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांना मी दिसले. झांजा थांबल्या. आरती तशीच पुढे चालली होती. ते माझ्याकडे बघत राहिले, डोळे पुसावेत तर दोन्ही हात अडकलेले. मग पुन्हा देवाकडे वळले आणि झांजा वाजवायला लागले, नेहमीपेक्षा हळू.

मी पुढची ओळ तिथेच म्हटली.